उणे ऐंशी अंशांवरची ठेव

9 जून 1956 च्या पहाटे वॉशिंग्टनमधल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजून इतका अरुंद झाला होता की अन्न पुढं सरकतच नव्हतं. सर्जननी तो भाग कापून काढला नाही. त्याला वळसा घालून वरचं आतडं खालच्या आतड्याला जोडून दिलं. आयझेनहॉवर बरे झाले आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडूनही आले. मधल्या काळात या दाहाचं नाव, ‘इलायटिस’ हा शब्द, अमेरिकेतल्या सर्वसामान्य माणसाच्या कानावर पडला होता.

पोटाच्या तक्रारींबद्दल चारचौघांत बोलायची पद्धत तिकडेही नव्हती आणि आपल्याकडेही नाही. हृदयविकाराचा झटका आला तर माणूस सांगतो, पाहुणे भेटायला येतात. दिवसातून पंधरा वेळा संडासला पळावं लागतं, त्यात रक्त पडतं, हे मात्र माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही. लोकलनं ऑफिसला जाणारा असा रुग्ण कुठल्या स्टेशनवर स्वच्छतागृह आहे आणि ते किती वाजता उघडतं, हे पाठ करून ठेवतो. लग्नाला जाताना आदल्या रात्रीपासून जेवण बंद करतो. घरातल्यांना वाटतं, याला माणसांत मिसळायला आवडत नाही.

ज्या आजाराबद्दल कोणी बोलत नाही, त्याच्यासाठी पैसे कोण मागणार आणि कोण देणार? या प्रकरणात आपण एका धर्मादाय संस्थेची गोष्ट पाहणार आहोत. तिनं हे मागण्याचं काम केलं आणि त्याहून अवघड असं जोडण्याचं कामही केलं.

आधी आजार समजून घेऊ. आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे, म्हणजे ‘आयबीडी’चे, दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो, पण बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात होतो. तो आतड्याच्या भिंतीची पूर्ण जाडी पोखरतो. भिंत पोखरली गेली की दोन परिणाम संभवतात. एक तर जखमा भरताना व्रण साचत जाऊन आतडं अरुंद होतं, किंवा भिंत फुटून शेजारच्या आतड्यात, मूत्राशयात, त्वचेपर्यंत भगंदरासारखी वाट तयार होते. दोन्ही आजार बहुतेकदा ऐन तारुण्यात सुरू होतात, काहींना तर शाळेत असतानाच. मुळाशी काय आहे, याचं पूर्ण उत्तर अजून हाती नाही. आतड्यात राहणाऱ्या अब्जावधी जिवाणूंशी शरीराच्या संरक्षणयंत्रणेनं जो समझोता केलेला असतो, तो मोडतो आणि मग ती यंत्रणा स्वतःच्याच आतड्याला जखमा करत राहते, एवढं कळलं आहे. औषधांनी आजार शांत राहतो, कधी वर्षानुवर्षं राहतो. कायमचा बरा होत नाही. ‘आयबीएस’ हा निराळा आजार. त्यात पोट छळतं, पण आतड्यात जखम नसते. नावातल्या सारखेपणामुळे लोकांची गल्लत होते, म्हणून हे सांगितलं.

‘क्रोन्स’ हे नाव न्यूयॉर्कमधल्या माउंट सायनाय रुग्णालयातून आलं. तिथले डॉक्टर बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर यांनी 1932 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात चौदा रुग्णांचं वर्णन छापलं. त्यातले बरेच रुग्ण सर्जन ए. ए. बर्ग यांच्या टेबलावरचे होते, पण बर्ग यांनी निबंधावर आपलं नाव घालू दिलं नाही. उरलेल्या तिघांची नावं आद्याक्षरांच्या क्रमानं लागली आणि पहिलं नाव आजाराला चिकटलं. आधी या लेखकांनी आजाराला ‘टर्मिनल इलायटिस’ म्हटलं होतं. टर्मिनल म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागातला. पण ऐकणाऱ्याला वाटायचं, आता रुग्णाचाच शेवट. म्हणून छापताना ‘रीजनल’ असा शब्द घेतला गेला. रुग्णाच्या कानाला काय ऐकू जाईल, याचा विचार त्या पहिल्या निबंधातच झाला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

याच माउंट सायनायमध्ये पुढं हेन्री जॅनोविट्झ पोटविकार विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी आणि न्यूयॉर्कमधल्या दोन कुटुंबांनी, अर्विन व सुझान रोझेंथाल आणि विल्यम व शेल्बी मोडेल यांनी, 1967 साली ‘नॅशनल फाउंडेशन फॉर इलायटिस अँड कोलायटिस’ सुरू केलं. आज ती संस्था ‘क्रोन्स अँड कोलायटिस फाउंडेशन’ या नावानं ओळखली जाते. मोडेल हे खेळाच्या सामानाच्या दुकानांची साखळी चालवणारं घराणं. त्यांच्या मुलाला, मायकेलला, क्रोन्स होता. पुढं 2001 साली तो त्याच आजारानं गेला. संस्था तोवर चौतीस वर्षांची झाली होती. ज्याच्यासाठी काम सुरू केलं तोच हातातून निसटला, आणि तरीही आईवडिलांनी काम थांबवलं नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांनी वर्गणी काढून संशोधन पुढं रेटायचं, ही कल्पना अमेरिकेत नवी नव्हती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1938 साली पोलिओसाठी असंच फाउंडेशन उभं केलं होतं. लोकांनी दहा-दहा सेंट पाठवले आणि त्याच पैशातून साक यांच्या लशीचं काम झालं. मात्र पोलिओला एक विषाणू होता आणि एक लस पुरली. आतड्याच्या दाहाला असं एकच कारण सापडत नव्हतं. अशा ठिकाणी पैसे टाकायचे तरी कशावर?

इथं आकड्यांची तुलना करायला हवी. फाउंडेशननं सुरुवातीपासून आजवर संशोधनात घातलेली रक्कम त्यांच्याच हिशेबानुसार पन्नास कोटी डॉलरच्या पुढं जाते. ही रक्कम मोठी वाटते. पण अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं, म्हणजे एनआयएचचं, अलीकडचं वार्षिक अंदाजपत्रक साडेचार हजार कोटी डॉलरच्या वर आहे. फाउंडेशननं अर्ध्या शतकाहून जास्त काळात जे जमवून खर्च केलं, ते एनआयएच आठवड्याभरात उडवते. औषध कंपन्यांचा खर्च तर निराळाच. तेव्हा पैशाच्या जोरावर ही संस्था कुणाच्या पासंगालाही पुरत नाही. तिचं महत्त्व पैसा कुठं आणि केव्हा लावला यात आहे.

बत्तीस-चौतीस वर्षांची एक डॉक्टर आहे असं समजू. पोटविकारात तिचं शिक्षण नुकतंच पूर्ण झालं आहे. आतड्याच्या अस्तरातल्या एका विशिष्ट पेशीबद्दल तिच्या डोक्यात एक शंका आहे. ती तपासायची तर दोन वर्षं प्रयोगशाळेत बसायला हवं. रुग्णालयाला ती ओपीडीत हवी आहे, कारण पगार तिथून निघतो. सरकारकडं अर्ज करावा तर तिथले परीक्षक विचारतात, प्राथमिक निष्कर्ष कुठं आहेत? निष्कर्षांशिवाय अनुदान नाही आणि अनुदानाशिवाय निष्कर्ष नाहीत. कंपनीला तिच्या शंकेत रस नाही, कारण तिच्यातून गोळी निघेल की नाही हे दहा वर्षांनी कळणार. या कोंडीत फाउंडेशनची फेलोशिप आणि नवोदित संशोधकांची तीन वर्षांची अनुदानं उपयोगी पडतात. त्या पैशातून तिचा आठवड्यातला बराचसा वेळ ओपीडीतून सोडवून घेता येतो. शंका खरी ठरली तर तेच निष्कर्ष घेऊन ती सरकारच्या मोठ्या दाराशी जाते. खोटी ठरली तर तेवढे पैसे गेले आणि एक वाट बंद आहे हे सगळ्यांना कळलं. माझ्या मते दुसरा परिणामही देणगीदारांनी तितक्याच आनंदानं स्वीकारायला हवा, पण त्यांना तसं समजावून सांगणं सोपं नसतं. जिचं अनुदान फुकट गेलं त्या संशोधिकेचं छायाचित्र कुणी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापत नाही.

कुठला प्रश्न हाती घ्यायचा, हे ठरवण्यासाठी संस्था दर काही वर्षांनी संशोधक, डॉक्टर आणि रुग्ण यांना एकत्र बसवून पुढच्या आव्हानांचा आराखडा तयार करते. 2019 मध्ये संस्थेच्या स्वतःच्या नियतकालिकात छापलेल्या आराखड्यात पाच क्षेत्रं होती. माणसातला आजार मुळात कसा चालतो, परिसरातलं काय त्याला चेतवतं, नवी तंत्रं, प्रत्येक रुग्णाला नेमका उपचार आणि रोजच्या दवाखान्यात उपयोगी पडेल असं संशोधन. यादी म्हणून ती कोरडी दिसेल. पण देशभरातल्या तरुण संशोधकांना यातून कळतं की कशासाठी अर्ज केला तर दार उघडेल. पैसा कमी असला की दिशा दाखवण्याला जास्त किंमत येते.

आता मुख्य भागाकडे येऊ.

क्रोन्सचं निदान झालेली दहा मुलं समोर उभी केली, तर त्यांतल्या कुणाचं आतडं पुढं अरुंद होणार, कुणाला भगंदर होणार आणि कुणाचा आजार साध्या औषधांवर निभावणार, हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. डॉक्टरांपुढं पेच असतो. 1998 साली क्रोन्ससाठी मान्यता मिळालेलं इन्फ्लिक्सिमॅब आणि त्याच्या भाऊबंदातली औषधं जोरदार आहेत. शरीरातल्या टीएनएफ नावाच्या दाहकारक प्रथिनाला ती अडवतात. पण ती महाग आहेत आणि संसर्गाचा धोका वाढवतात. सगळ्यांना सुरुवातीलाच द्यावीत तर अनेकांना विनाकारण दिल्यासारखं होतं. थांबून द्यावीत तर काहींचं आतडं तोवर कायमचं बिघडतं. एखाद्या शहरातल्या मोठ्या बालरुग्णालयात वर्षाला अशी फार तर काही डझन नवी मुलं येतात. तेवढ्यावरून उत्तर मिळत नाही. कोणत्याही एका डॉक्टरला, तो कितीही हुशार असो, हे एकट्यानं करता येणारं काम नव्हतं.

फाउंडेशननं ‘रिस्क’ नावाचा अभ्यास उभा केला. नोव्हेंबर 2008 ते जून 2012 या काळात अमेरिका आणि कॅनडातल्या 28 केंद्रांवर, निदान नुकतंच झालेली किंवा होऊ घातलेली मुलं त्यात घेतली गेली. महत्त्वाचा शब्द ‘नुकतंच’ हा आहे. औषध सुरू झालं की आतड्यातले जिवाणू बदलतात, दाह बदलतो, सगळा पुरावाच पुसला जातो. म्हणून पहिल्याच कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे आतड्याच्या दुर्बीण-तपासणीच्या, वेळी नमुने घ्यायचे होते.

जरा त्या खोलीत डोकावून पाहा. बारा वर्षांचा मुलगा भुलीखाली झोपलेला आहे. डॉक्टर दुर्बिणीच्या टोकाच्या बारीक चिमट्यानं आतड्याच्या अस्तराचे दोन-तीन मिलिमीटरचे कण काढतात. ते तर निदानासाठी काढावेच लागतात. अभ्यासासाठी एक-दोन कण जास्तीचे. त्या जास्तीच्या कणांसाठी बाहेर बसलेल्या आईनं आधी सही केलेली असते. कण ठरलेल्या द्रावणाच्या कुपीत, ठरलेल्या वेळात जायला हवेत. कुपीवर नाव लिहायचं नाही, फक्त सांकेतिक क्रमांक. तसंच रक्त, तसंच शौचाचा नमुना. मग सगळं गोठवायचं, कोरड्या बर्फात बांधून पाठवायचं आणि फ्रीझरमध्ये उणे ऐंशी अंशांवर ठेवायचं. हे एका ठिकाणी करणं सोपं आहे. एका रुग्णालयानं वेगळं द्रावण वापरलं, दुसऱ्यानं कुपी तासभर टेबलावरच ठेवली, तिसऱ्याच्या अर्जात ‘ताप’ हा रकानाच नव्हता, तर सगळ्यांची बेरीज निरर्थक होते. 28 ठिकाणच्या डॉक्टरांना, परिचारिकांना, नीतिसमित्यांना एकाच पद्धतीवर आणायचं आणि तिथंच टिकवायचं, हे काम संस्थेचं. यासाठी कुणाला पारितोषिक मिळत नाही. आणि तरी याच्याशिवाय पुढचं काहीही झालं नसतं.

या ठेवीतून काय निघालं? 2014 मध्ये रिस्कच्या गटानं तीन प्रकारच्या उपचारांची तुलना छापली. निदानानंतर पहिल्या तीन महिन्यांत टीएनएफ अडवणारं औषध मिळालेली मुलं, त्याच काळात जुनं रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध मिळालेली मुलं आणि यांतलं काहीच न मिळालेली मुलं. चिठ्ठ्या टाकून औषध वाटलेलं नव्हतं, म्हणून आजाराच्या तीव्रतेत एकमेकांशी जुळणारी मुलं शोधून 68-68 चे तीन गट केले. वर्षानंतर पहिल्या गटातल्या 58 मुलांचा आजार शांत होता. दुसऱ्या गटात 41, तिसऱ्यात 37. अशी जुळणारी मुलं सापडण्यासाठी साडेपाचशेहून जास्त मुलांची नोंद हाताशी असावी लागली.

त्याच वर्षी नव्या रुग्णांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा अभ्यास छापून आला. त्यात एक गोष्ट स्पष्ट झाली. सुरुवातीच्या काळात आजाराची खूण आतड्याच्या अस्तराला चिकटलेल्या जिवाणूंत दिसते, शौचाच्या नमुन्यात ती तितकीशी उमटत नाही. म्हणजे त्या आईनं ज्या जास्तीच्या कणांसाठी सही केली, तेच मोलाचे ठरले.

मग 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 913 मुलांचा निष्कर्ष आला. तीन वर्षांच्या आत त्यांतल्या 78 मुलांना गंभीर गुंतागुंत झाली. लवकर टीएनएफविरोधी औषध मिळालेल्या मुलांत आतड्याची भिंत फुटून वाटा तयार होण्याचा धोका सुमारे 70 टक्क्यांनी कमी होता. आतडं अरुंद होण्यावर मात्र त्याच औषधाचा परिणाम दिसला नाही. आणि ज्यांचं आतडं पुढं अरुंद झालं, त्यांच्या पहिल्या दिवशीच्या कणांत व्रण बांधणाऱ्या जनुकांची हालचाल आधीच वाढलेली होती. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. आपण ज्याला एक आजार म्हणतो, त्यात निदान दोन निराळ्या प्रक्रिया चालू आहेत. एकीवर औषध आहे. दुसरीवर नाही. आज व्रण रोखणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे, त्याच्या मागं असे निष्कर्ष आहेत.

रिस्कनंतर संस्थेनं हीच पद्धत वाढवली. हेल्मस्ली धर्मादाय न्यासाच्या मोठ्या अर्थसाहाय्यावर ‘आयबीडी प्लेक्सस’ ही सामाईक यंत्रणा उभी राहिली. रिस्कमधली मुलं, ‘स्पार्क’ अभ्यासातले प्रौढ रुग्ण, इंटरनेटवरून वर्षातून दोनदा स्वतःची माहिती भरून देणारे हजारो लोक, हे सगळे त्यात आले. नमुने, जनुकीय माहिती, डॉक्टरांच्या नोंदी आणि रुग्णानं स्वतः सांगितलेली अवस्था एकाच सांकेतिक क्रमांकाखाली. विद्यापीठातला संशोधक अर्ज करून ती वापरू शकतो आणि कंपनीही. पूर्वी प्रत्येक प्राध्यापकाचा स्वतःचा फ्रीझर असायचा आणि तो निवृत्त झाला की कुपीवरच्या खुणांचा अर्थ लावणारं कोणी उरायचं नाही.

हा सामाईक साठा कंपन्यांना उघडा ठेवण्याबद्दल मनात प्रश्न येतो. रुग्णानं विनामूल्य दिलेल्या कणातून कंपनीनं औषध काढायचं आणि त्याच रुग्णाला ते हजारो डॉलरना विकायचं का? संस्थेचं म्हणणं असं की शेवटी औषध बनवते ती कंपनीच, आणि ती दूर राहिली तर कणांचा रुग्णाला उपयोग नाही. मला हे पटतं, पण अर्धंच. कारण याच कंपन्या संस्थेच्या कार्यक्रमांच्या प्रायोजकही असतात. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजारासाठी काम करणाऱ्या दुसऱ्या अमेरिकी फाउंडेशननं औषध कंपनीत पैसे गुंतवले होते आणि 2014 साली आपला स्वामित्वधनाचा हक्क 330 कोटी डॉलरना विकला. औषध आलं, मुलं जगली, संस्थेकडं पुढच्या संशोधनाला पैसा आला. औषधाची किंमत मात्र वर्षाला लाखो डॉलरच्या घरात होती. आतड्याच्या आजाराचं फाउंडेशनही आता लहान कंपन्यांत गुंतवणूक करतं. देणगीदारांनी अशा वेळी किमतीचा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि संस्थेनं त्याचं उत्तर दिलंच पाहिजे.

जिथं विकायला काहीच नाही असेही प्रश्न असतात. प्रत्येक रुग्ण डॉक्टरला पहिल्या भेटीत विचारतो, ‘मी खाऊ काय?’ धान्य, साखर आणि बहुतेक दुग्धजन्य पदार्थ पूर्ण वर्ज्य करणारा एक कडक आहार रुग्णांत फार प्रसिद्ध होता. आपल्या ताटाच्या हिशेबात भात, पोळी, भाकरी सगळं बंद. त्याची चाचणी कुठली कंपनी करणार? रुग्णकेंद्री संशोधनाला पैसा देणाऱ्या एका अमेरिकी संस्थेच्या निधीवर आणि फाउंडेशनच्या रुग्णजाळ्याच्या मदतीनं ती झाली. 194 जणांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं, पहिले सहा आठवडे तयार जेवण घरपोच दिलं. 2021 साली निकाल आला. कडक आहार घेणाऱ्यांपैकी 46.5 टक्के लोकांना लक्षणांपासून आराम मिळाला, तर भाज्या, फळं, मासे, ऑलिव्ह तेल असलेला सोपा भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांपैकी 43.5 टक्क्यांना. जवळजवळ सारखंच. ज्यांनी वर्षानुवर्षं पोळीचा तुकडा खाल्ला म्हणून स्वतःला दोष दिला, त्यांच्यासाठी हा निकाल कुठल्याही गोळीइतका मोलाचा आहे.

हा सगळा पैसा येतो कुठून? मोठे न्यास आहेत, श्रीमंत कुटुंबं आहेत. पण पायाशी आहेत ते चालणारे आणि धावणारे लोक. संस्थेच्या पदयात्रांना रुग्ण येतो, त्याची आई येते, वर्गमित्र येतात. येण्याआधी प्रत्येकानं ओळखीच्यांकडून वर्गणी जमवलेली असते. आपल्याकडं मंडळाचं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्याला हे सांगायला नको. फरक एवढाच की इथं वर्गणी मागताना तोंडानं म्हणावं लागतं, ‘मला आतड्याचा आजार आहे.’ आयुष्यात पहिल्यांदा अनेक जण ते तेव्हाच म्हणतात.

आपला या गोष्टीशी संबंध काय, हे सांगून थांबतो. आतड्याचा दाह हा गोऱ्यांचा आजार, असं फार काळ मानलं गेलं. लुधियानात झालेल्या पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण लाखामागे 44 आढळलं. ती 2003 साली छापली गेली. त्याआधी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयांत हा आजार स्थानिक गोऱ्यांहूनही जास्त दिसला होता. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात दक्षिण आशियाई मुलांचंही तेच. म्हणजे आजार आपल्यात आहे आणि परदेशी गेलेल्या आपल्या मुलांत तो वाढतो आहे.

पण अमेरिकेतल्या फ्रीझरमधले नमुने आपले प्रश्न सोडवू शकत नाहीत. 2001 साली क्रोन्सशी निगडित पहिलं जनुक, नॉड-2, सापडलं तेव्हा मोठा गाजावाजा झाला. युरोपीय वंशाच्या रुग्णांत त्याचे जे तीन बदल सापडतात, ते भारतीय रुग्णांत जवळजवळ सापडतच नाहीत. दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स, दोन्ही लहान आतड्याच्या शेवटाला होतात, दुर्बिणीतून सारखे दिसतात, बायोप्सीतही कित्येकदा फरक कळत नाही. म्हणून आपल्याकडं अनेकांना आधी टीबीची औषधं सुरू करून जखमा भरतात का ते पाहावं लागतं. क्रोन्स असेल तर ते महिने वाया जातात. उलट क्षय असताना चुकून टीएनएफविरोधी औषध दिलं तर क्षय भडकतो. या दोन आजारांना पहिल्या दिवशी वेगळं करणारी खात्रीची चाचणी अमेरिकेत कुणी शोधणार नाही, कारण तिथं हा पेच रोजचा नाही. ती शोधायची तर मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूर, पणजी इथल्या रुग्णांचे, एकाच पद्धतीनं घेतलेले आणि एकाच नोंदवहीत मांडलेले नमुने लागतील.

तेव्हा एवढं सांगणं आहे. शौचातून रक्त जात असेल आणि ते आठवड्यामागून आठवडे थांबत नसेल, तर मूळव्याध समजून घरगुती उपाय करत बसू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आणि त्या तपासणीआधी एखादी तरुण डॉक्टर संशोधनाचं संमतिपत्र घेऊन आली, तर ते बाजूला सारू नका. पूर्ण वाचा. कण कुठं ठेवणार, नाव लपवणार का, कंपनीला देणार का, मी नंतर नाही म्हणालो तर चालेल का, हे विचारा. उत्तरं पटली तर सही करा.